‘आत’च्या खिळ्यावरचा बिल्ला

आमच्या इस्पितळ-जहाजावर माणूस आत आहे की बाहेर, हे एका फळीवरून कळतं. शिडीच्या तोंडाशी ती टांगलेली असते. प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला आणि दोन खिळे, एक ‘आत’चा, एक ‘बाहेर’चा. फ्रीटाउनच्या धक्क्याला बांधलेलं चारशे माणसांचं लोखंडी गाव आहे आमचं. सर्जन असो की माझ्यासारखी धोबीखान्यातली, बिल्ला हलवल्याशिवाय कोणी शिडी उतरत नाही.

त्या शनिवारी मी उतरले.

कारण सांगते, तसं ते सांगण्यासारखं नाहीच. जहाजावर रक्तपेढी नसते, आम्हीच पेढी. ज्या गटाचं रक्त लागेल त्या गटाच्या लोकांची नावं प्रयोगशाळेतली रीटा आधीच काढून ठेवते, आणि त्यांनी ऑपरेशननंतरही धोका टळेपर्यंत धक्का सोडायचा नाही. माझा गट बी निगेटिव्ह. अख्ख्या जहाजात त्या गटाचे आम्ही दोघंच, मी आणि यंत्रघरातले रोहेलिओकाका. काकांनी तीनच आठवड्यांपूर्वी दिलं होतं, म्हणजे पाळी माझी. शुक्रवारी याबोम नावाच्या, आमच्याच गटाच्या मुलीच्या जबड्यावरची नारळाएवढी गाठ काढली. सगळं नीट झालं, रक्त लागलंच नाही. शनिवारी सकाळी टोकेच्या किनाऱ्यावर जीप निघाली. घाना सोडून मला दोन वर्षं झाली होती. रोज त्याच चादरी, तेच हिरवे अंगरखे, दोन मिनिटांची आंघोळ आणि एका खोलीत सहाजणी. म्हटलं, आता कसलं लागतंय रक्त! बिल्ला ‘आत’च राहू दिला आणि घोळक्यातून सटकले.

टोकेला मी खूप मजा केली, हेही सांगायलाच हवं. पोहले, निखाऱ्यावरचा मासा तिखटात बुडवून बोटं चाटत खाल्ला, पोट दुखेपर्यंत हसले. फोन पिशवीत होता आणि पिशवी जीपमध्ये.

संध्याकाळी परतून बोळात शिरले तर लोक पाठ थोपटायला लागले. ‘शाब्बास गं सेनाम!’ ‘आज दुप्पट जेव हं!’ दुपारी याबोमला रक्तस्राव सुरू झाला होता आणि कर्ण्यावरून तीनदा माझं नाव पुकारलं होतं. नाव पुकारलं म्हणजे मी गेले, आणि गेले म्हणजे रक्त दिलं, अशीच सगळ्यांची समजूत.

मी धावत रीटाकडे गेले. ती टेबल पुसत होती.

‘जगली,’ मी विचारायच्या आतच ती म्हणाली. ‘तुझा बिल्ला आत होता. वीस मिनिटं आम्ही प्रयोगशाळेतल्या दोघी तुला जहाजभर शोधत होतो. न्हाणीघरांचीसुद्धा दारं वाजवली.’

‘मग?’

‘मग काका आपणहून वर आले. मी नको म्हणत होते. बाही वर करून बसले आणि माझ्यावरच डाफरले, पोरगी चालली आणि तू आठवडे कसले मोजतेस?’

रविवारी काका यंत्रघरात चक्कर येऊन पडले. डोक्याला सहा टाके. मी भेटायला गेले तेव्हा ते पडून होते. मी टोकेला होते हे त्यांना रीटाकडून कळलं होतं.

‘मासा कसा होता गं?’ त्यांनी विचारलं.

‘छान होता,’ मी पुटपुटले.

‘लिंबू पिळलं होतं ना? आपल्या जहाजावर बिनलिंबाचा वाढतात, गाढवं लेकाची.’

एवढंच. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

‘मी सगळ्यांना खरं सांगून टाकते, काका.’

‘सांग की. मला कशाला विचारतेस?’

रीटा आणि काका कुणाजवळ बोलले नाहीत. मीही सांगितलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. कोणी शाब्बास म्हटलं की मी खाली मान घालायचे, आणि लोकांना वाटायचं, काय विनय आहे पोरीचा! माझी मलाच किळस यायला लागली होती.

गुरुवारी वॉर्डातून निरोप आला, याबोमची आई बोलावतेय. सालामातु तिचं नाव, धिप्पाड बाई. शेजारी याबोम, पट्ट्यांतून नुसते डोळे दिसत होते.

‘हीच का ती?’ सालामातु कमरेवर हात ठेवून म्हणाली. ‘अगंबाई, ही तर काडी! हिच्यात रक्त होतं तरी कुठे?’

सगळा वॉर्ड हसला. तिने गाठोडं सोडून कापड काढलं. स्वतः रंगवलेलं, गर्द निळं, अजून निळीचा वास येणारं.

‘हे तुला. माझ्या लेकीला बहीण नव्हती, आता तू आहेस.’

याबोमने माझा हात घट्ट धरला. आईने माझी दुसरी बाही सारली आणि कोपराच्या आत सुईची खूण शोधायला लागली. मग याबोमने धरलेला हातही बघितला. अंगठा फिरवून फिरवून बघितलं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, पण माझ्या पायांखाली धरणीही नव्हती.

‘इतक्यात भरूनसुद्धा आलं! गुणाचं अंग आहे,’ ती म्हणाली, आणि तिथेच, त्या कोऱ्या कातडीवर तिने ओठ टेकले.

‘आई, मी नाही दिलं.’ मी बाही खाली ओढली. ‘पाळी माझी होती, पण मी चोरून समुद्रावर गेले. तुमची लेक इथे मरत होती आणि मी मासा खात होते. रक्त दुसऱ्याने दिलं.’

याबोमने माझा हात सोडला. एकदम नाही, एकेक बोट करून. आई माझ्याकडे बघत राहिली. आता थोबाडीत मारेल, असं मला वाटलं. मारावी, असंही वाटलं.

‘कोण तो?’

‘रोहेलिओकाका. वयस्कर आहेत. माझ्यामुळे पडले, खाली झोपून आहेत.’

‘मला जाऊ देतील का त्याच्याकडे?’

‘नाही. खाली रुग्णांच्या नातेवाइकांना सोडत नाहीत.’

तिने कापडाची नीट घडी घातली आणि माझ्या हातांवर ठेवली.

‘मग तूच ने. त्याला सांग, याबोमला भाऊही नव्हता.’

मी कापड घेऊन निघाले. बोळात पहिल्याच माणसाने हटकलं, ‘वा सेनाम, भेट मिळाली वाटतं!’ मी थांबले आणि त्याला सगळं सांगितलं. काकांच्या खोलीपर्यंत अकरा जण भेटले. अकराही जणांपाशी थांबले.