बंदुकीपुरतं परस

"आले पुन्हा मिरवायला!" धाकटीनं धुण्याचा पिळा दगडावर असा आपटला, की शेजारी मातीत खेळणारी पोर दचकून रडायलाच लागली.

परसात थोरले भावजी फेरी घालत होते. खांद्यावर नवी कोरी बंदूक. गेल्या साली रानडुकरांनी अख्ख्या आळीची परसं उकरून टाकली, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून परवाना काढला होता. परवान्यावर स्वच्छ लिहिलेलं : राहत्या घरात नि स्वतःच्या आवारात बंदूक बाळगावी, वापरावी, बाहेर नेऊ नये. भावजी अक्षराला धरून चालणारे. फाटकाबाहेरून पोस्टमननं हाक मारली, तरी आधी बंदूक कपाटात, मग पत्र हातात.

अर्ज धाकटीच्या नवऱ्यानंही केला होता. पण तपासणीला आलेल्या शिपायानं विचारलं, "कुलपाचं कपाट कुठंय?" यांच्याकडे होती लाकडी पेटी, झाकणाला सुतळी बांधलेली. शिपाई हसला नि अर्ज परत आला.

तेव्हापासून धाकटीच्या पोटात निखारा होता. एकाच घराला मधे भिंत घालून दोन्ही जावा राहायच्या. पण आता मास्तर काय, न्हावी काय, जो तो थोरलीच्याच ओट्यावर. थोरलीही असं बोलायची जशी काही बंदूक तीच व्यालीय! आणि सगळ्यात जास्त जळायचं ते नवऱ्यामुळं. पोरीचं नाक पुसायला याला सवड नसायची, पण रोज संध्याकाळी भावाच्या ओट्यावर बसून बंदुकीची नळी मात्र तेलाच्या फडक्यानं पुसायचा.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो?"

"बंदूक पुसायची कसली लाज?"

"दुसऱ्याची पुसायची!"

"दुसऱ्याची कुठं, दादाचीच ना?" तो पोरीला उचलून म्हणाला. "डुकरं येईनाशी झाली, ते बघ की."

"डुकरं आपणहून गेलीत. बंदुकीनं काय फक्त तोरा आलाय."

परस अजून सामाईक होतं. म्हणून भावजी दोन्ही घरांमागून पार टोकाला, धाकटीच्या बटाट्यांपर्यंत, फेरी मारायचे. ते सहा वाफे तिनं एकटीनं खणले होते, पोरीला पाठीशी बांधून. बटाटे विकून लोखंडी कपाट घ्यायचं, नवऱ्याला पुन्हा अर्ज करायला लावायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण तेवढाही दम निघेना. तिनं नवऱ्याच्या मागं लागून मोजणीचा अर्ज दिला. मोजणीदार आला, साखळी पसरली, परसाचे दोन भाग झाले. भावजींच्या भागात विहीर, गोठा नि लाकडांची रास; चालायला उरली खाटेएवढी जागा.

"आता मिरवा म्हणावं," धाकटी म्हणाली, आणि त्या दिवशी तिला दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

भावजींनी दोरीचं भेंडोळं काढलं. स्वतःच खुंट्या ठोकून त्यांनी हद्दीवर दोरी बांधली.

आठ दिवस झाले असतील. पहाटे धुकं होतं. मागून खसाखसा आवाज आला म्हणून धाकटी धावली, तर बटाट्यांत डुकरं! एक मादी नि पाच पिल्लं, नाकानं वाफेच्या वाफे उलथत होती. तिनं डबा बडवला. मादीनं मान वर करून पाहिलं नि पुन्हा खायला लागली.

दोरीशी भावजी उभे होते. बंदूक हातात, पायाचा अंगठा दोरीच्या अलीकडं.

"मारा की भावजी!"

"पलीकडचं आवार माझं नाही, धाकटे."

"मी सांगते ना!"

"तू सांगून परवाना बदलत नाही गं. मोजणी तूच मागितलीस."

मागून थोरली कडाडली, "आपलं नाक कापलं, बाई, नि दुसऱ्याला अपशकुन करायला निघाली!"

उन्हं आली तेव्हा डुकरं पोटं भरून गेली. तीन वाफे गेले होते, तीन राहिले होते. धाकटी मातीत बसून रडली. मग उठली, डोळे पुसले नि नवऱ्याला घेऊन मोजणीच्या कचेरीत गेली.

कारकून म्हणाला, "दोन्ही भावांच्या सह्या अजून व्हायच्यात. अर्ज मागे घेताय?"

"घेतो," नवरा म्हणाला, आणि हसू दाबायला पोरीच्या झबल्यात तोंड लपवलं. धाकटीनं त्याला कोपर मारलं.

परत येऊन दोरी तिनंच सोडली. भावजींची गाठ पक्की. शेवटी दातांनी सुटली. दुसऱ्या पहाटे भावजी बटाट्यांशी जाऊन उभे राहिले. डुकरं दिसताच मातीच्या बांधात एकच बार. डुकरं जी पळाली, ती पुन्हा फिरकली नाहीत.

तीन वाफ्यांच्या पैशांत कपाटाचं दारसुद्धा आलं नसतं. पण निघाले ते बटाटे असे, की एकेक तळहातात मावेना. धाकटीनं रास आपल्या ओट्यावर घातली. बंदूक बघायला आलेले मास्तर तिच्याच पायरीशी थांबले.

"कुणाचे हो हे?"

"आमच्या ह्यांनी राखले म्हणून—" थोरलीनं सुरुवात केली.

"लावलेत कुणी?"

"मी," धाकटी म्हणाली.

मास्तर वाकून बटाटे चाळत राहिले. न्हावी आला, तोही तिथंच बसला. भावजी बंदूक घेऊन शेजारी आपल्या ओट्यावर उभे होते, ते उभेच राहिले.

सगळे गेल्यावर थोरली पदराशी चाळा करत जवळ आली. "बेणं कुठून आणलंस गं?"

धाकटीनं त्यातले चार मोठाले बटाटे तिच्या पदरात टाकले. "सांगते की जाऊबाई," ती म्हणाली, "सवडीनं सांगते."