फान युएचिनचा शेरा

"फान, नुसता गोल तर काढायचाय," होऊ साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःचंच पेन तिच्यापुढे धरलं.

आमच्या बँकेत, हार्बिनच्या प्रांतिक कचेरीत, कुठलाही मोठा कागद टेबलांवरून फिरायचा. वर नावांची पट्टी चिकटवलेली असे. वाचून पटलं की आपल्या नावाभोवती गोल काढायचा आणि तारीख टाकायची. न पटण्याची सोयच नव्हती. ज्याला पटत नसे त्याचा नेमका त्या आठवड्यात दात दुखायचा, किंवा गावाकडची मावशी आजारी पडायची. साहेबही समजून घेऊन त्याचं नाव पट्टीवरून गाळायचे. सगळं गोडीगुलाबीनं चालायचं.

ही फाइल शिलाई मशीनच्या सरकारी कारखान्याची होती. त्यांना नव्या इमारतीसाठी कर्ज हवं होतं. पट्टीवर बारा नावं आणि अकरा गोल. त्यातला एक माझा. मी आतलं एक पानही उलटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

फान युएचिन आमच्या विभागाची अर्थतज्ज्ञ. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. बाकीचे कारखान्यात गेले की व्यवस्थापकाच्या खोलीत चहा पिऊन आकडे घेऊन यायचे. ही तीन दिवस तिथल्या भटारखान्यात जाऊन बसली. कागदावर तीन पाळ्या चालत होत्या, पण जेवणाची चूल पेटायची दिवसातून एकदाच, आणि तिच्या उबेला बसून कामगार बायका स्वेटर विणत होत्या. फाननं आपल्या नावाखाली लिहिलं : वाचले. मान्य नाही. आहे त्या इमारतीलाच काम नाही.

असा शेरा आमच्या पट्टीवर कधी कुणी मारला नव्हता. म्हणूनच साहेबांनी तिला खोलीत बोलावलं होतं.

"तुमचे यजमान तिथेच फिटर आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"आहेत. बावीस वर्षं झाली."

"कर्ज अडलं तर कात्री कुणावर चालेल, कळतंय ना? आणि उपप्रमुखाच्या जागेसाठी मी तुमचंच नाव वर पाठवलंय."

"कळतंय, साहेब."

"बरं, दात दुखतोय असं तरी म्हणा. नाव गाळून टाकतो."

"दात ठणठणीत आहेत," फान म्हणाली. "साहेब, मी ते डोळ्यांनी पाहून आलेय. आता गोल काढायला हात धजत नाही."

आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. मी शेजारी टिपणवही घेऊन बसले होते. खरं सांगते, मला तिची भीती वाटली. एवढीशी बाई, कोपरांवर ठिगळं लावलेला कोट घालणारी, आणि साहेबांच्या खोलीत ती एकटीच मोठी दिसत होती.

लेखी हरकत आली की फाइल पेइचिंगच्या मुख्य कचेरीला पाठवावीच लागते. तिथे कर्ज नामंजूर झालं. वसंतात कारखान्यानं चारशे माणसं घरी बसवली. त्यात फानचे यजमान केंगही होते. उपप्रमुखाची जागा मला मिळाली.

केंगनी बँकेच्या फाटकासमोर सायकल दुरुस्तीचं बस्तान मांडलं. महिनाभर मी मागच्या फाटकानं ये-जा केली. मग एका दुपारी माझी सायकल पंक्चर झाली, तीही नेमकी त्यांच्या पुढ्यात.

"या, छ्यूताई," केंग म्हणाले. "मागचं फाटक बंद केलं की काय?"

मी ओशाळून हसले. त्यांनी चाक काढून ट्यूब पाण्यात बुडवली. मला राहवलं नाही.

"केंगदादा, तिचा राग नाही येत?"

"शेरा लिहायच्या आधी तिनं मला विचारलं होतं," ते बुडबुड्यांकडे बघत म्हणाले. "जेवताना. म्हणाली, तुमची नोकरी जाईल, लिहू का? मी म्हटलं, लिही. तिथे दिवसभर हातोडी हातात धरून काम केल्याचं सोंग मीच तर करतो. फक्त म्हटलं, मग डबा मी करीन. वेळच वेळ असेल मला."

त्या घरात जेवताना हे असं ठरलं होतं. मी उपप्रमुख झाले त्या दिवशी माझ्या घरी मेजवानीला बदक आणलं होतं, आणि कुणी कुणाला काहीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात फान जेवायला खाली आली. त्यांचा डबा फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर ठेवलेला होता. वाफवलेले पाव आणि आंबवलेला कोबी.

"छ्यू, तूही बस ना," ती म्हणाली. आवाजात कुठे टोचणी नव्हती. मी शोधली होती.

"आधी चाक बसवू दे," केंग तिला म्हणाले. "जरा धर इकडे. नीट धर हं, उपप्रमुखांची सायकल आहे."

फान हसली. तिनं बाह्या सारल्या आणि साखळीजवळची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. चाक बसेपर्यंत तिच्या बोटांना काळं वंगण लागलं. मी पिशवीतून रुमाल काढला, पण तिच्यापुढे करायचा मला धीर झाला नाही.