न्हाणीतला वाफा

न्हाणीच्या जाळीत हात घालून मी पहिला बोळा ओढला तेव्हा वाटलं, मेलेली घूस आहे. घूस नव्हती. आमचेच केस होते. माझे, आत्याबाईंचे, नणंदेचे लग्नाआधीचे. शिकेकाई, साबण आणि खोबरेल मिसळून त्यांची काळी, बुळबुळीत शेपटी झाली होती आणि टोकाला एक लाल किडा वळवळत होता. मी ती दारातून बाहेर भिरकावली आणि शेवग्याच्या बुडाशी जाऊन ओकले.

"झालं?" नवनाथ पहार घेऊन उभे होते. हे माझे मालक. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. "अजून नुसती जाळी निघालीय. फरशी उखडायची बाकी हाय."

"तुम्ही उखडा. मला वास सोसत नाही."

"वास काय मला गुलाबाचा येतोय?"

आमचा मळा वणीच्या रस्त्याला, गावापासून जरा आत. थोडी द्राक्षं, बाकी कांदा, दावणीला गायी. घर साधं, स्वयंपाकघराच्या मागे न्हाणी, आणि संडास पार गोठ्यापलीकडे, पायऱ्या चढून जायचा, उकिडवं बसायचा. याच न्हाणीत पावसाळ्यात शेवाळावर पाय सरकून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई यशोदाबाई, पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नाशकात ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या तिथेच द्वारका चौकाजवळ चैतालीकडे, माझ्या नणंदेकडे आहेत. डॉक्टरांनी बजावलंय, उकिडवं बसायचं नाही आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवायचा नाही.

आता आमचं सासू-सुनेचं कसं, तर कीर्तनामुळे जमलेलं. पंचक्रोशीत कुठेही पखवाज कडाडला की आम्ही दोघी सतरंजीवर, पुढून दुसऱ्या रांगेत. बुवांनी चाल उचलली की एकदम डोलणार, एकदम रडणार, आणि घरी येताना बुवांचा आवाज बसला होता की नाही यावर भांडणार. त्या नाशकात गेल्यापासून मी एकटी जाऊन बसायचे. रडू यायचं, पण बाजूला कुणी पदर पुढे करत नसे. गावचा सप्ताह तोंडावर आला तशी मी चैतालीला फोन केला.

"वहिनी, राग मानू नका," ती म्हणाली. "घरात कमोड बसल्याशिवाय मी आईला पाठवणार नाही. सप्ताह दरवर्षी येईल, हाड पुन्हा येणार नाही."

मागून आत्याबाई ओरडल्या, "यंदा बुवा कोण हाय, ते विचार तिला!"

तेवढं ऐकून मी ठरवलं. सप्ताह उठायच्या आत त्यांना घरी आणायचं.

गवंडी मिळेना. सगळे सिंहस्थाच्या कामांवर. एकाने तर सांगितलं, "ताई, साधूंच्या आंघोळी उरकू द्या, मग तुमची न्हाणी बघू." नवनाथ म्हणाले, गवंड्याला काय चार हात असतात? मोबाईलवर बघू आणि आपणच करू. नाशकात द्वारकेला जाऊन आम्ही कमोड, पाइप आणि पायाला धरेल अशी खरबरीत फरशी टेम्पोत घालून आणली.

आणि मग ती जुनी फरशी उखडली.

खालची मातीची नळी कधीच फुटली होती. इतकी वर्षं आम्ही अंगावरून काढलेला मळ गटारीत जात नव्हता, आमच्याच पायाखाली मुरत होता. काळा, चिकट, तेलकट चिखल. फावडं घातलं की ‘पचक’ असा आवाज यायचा आणि नासक्या अंड्याचा भपकारा थेट टाळूला जाऊन बसायचा. झुरळं इतकी निघाली की भिंत चालायला लागली असं वाटलं. एक माझ्या बाहीत शिरलं. मी अशी किंचाळले की गाय दावं तोडून उठली.

कीर्तनात बुवा सांगतात, हा देह म्हणजे मळमूत्राचं गाठोडं, याचा काय गर्व धरता. मी किती वेळा मान डोलावली असेल! डोळे मिटून, अगदी सुरात. पण तिथे अष्टगंधाचा वास असतो हो. ते गाठोडं पाटीत भरून डोक्यावरून उकिरड्यावर न्यायचं, आणि वरून एक थेंब ओघळून ओठाशी यायचा, हे बुवा कधी सांगत नाहीत.

दुपारी पिठलं केलं. ताटात ते थुलथुललं आणि मी ताट सरकवलं.

"खा की," नवनाथ कांदा फोडत म्हणाले.

"दिसतंय कसं ते बघा."

त्यांनी बघितलं आणि त्यांचा घासही हातातच राहिला. "तू बोलायला नको होतंस," एवढंच म्हणाले.

आंघोळीला फवारणीच्या टाकीमागे जुन्या साडीचा आडोसा केला होता. तिथे अंग धुतलं की औषधाचा वास, घरात आलं की चिखलाचा. पिठात सिमेंट, पाण्याच्या हंड्यावर धूळ. कमोडचा पाइप मागच्या संडासाच्या टाकीला जोडायचा म्हणून टाकीचं झाकण उचललं, त्या वेळचं मी काही लिहीत नाही. जेवणाआधी कुणी वाचत असेल.

शेजारच्या मळ्यातल्या लंकाबाई मुद्दाम बघायला आल्या. नाकाला पदर, डोळे मात्र सगळीकडे. आमच्या न्हाणीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकाचा ओटा आहे आणि ओट्याच्या कोपऱ्यात देव्हारा. ते त्यांनी बरोबर हेरलं.

"उज्वला, देवाच्या भितीला संडास लावते व्हय गं? अन् कीर्तनात तर लय डोलत असती."

"लंकाबाई, देव सगळीकडं हाय म्हणता ना तुम्हीच? मग इकडं पण असंल."

"असंल, पण नाक दाबून असंल."

त्या गेल्यावर मी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली. एक पुरली नाही, जुडीच लावली.

फरशी नवनाथांनी बसवली. तेव्हा मात्र ते रंगात आले. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, थापीने ठोकत, मागे सरकत. मी म्हटलं, "अहो, त्या मोबाईलवाल्याने दोरी धरली होती."

"अगं, जन्म गेला वाफे बांधण्यात. मला दोरी लागत नाय. नजर लागते."

फरशी झाली. खरंच देखणी दिसत होती. कडेने सिमेंटचा छोटा बांधसुद्धा घातला होता त्यांनी. सिमेंट वाळल्यावर मला मानाने बोलावलं आणि भरलेली बादली ओतली.

पाणी पसरलं. कोपऱ्यात गेलं, दाराशी गेलं, कमोडच्या बुडाला फिरून आलं. सगळीकडे सारखं, शांत. आणि तिथेच थांबलं. जाळीजवळसुद्धा तेवढंच आणि दाराजवळसुद्धा तेवढंच.

"बघ," ते कौतुकाने म्हणाले. "कुठं बोटभर उंचसखल नाय."

मी पाण्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "अहो, तुम्ही कांद्याचा वाफा केलाय."

आधी ते हसले. त्यांना ती शाबासकी वाटली. मग पाणी हलत नाही हे त्यांनाही दिसलं आणि हसू हळूहळू उतरलं. जन्मभर पाटाच्या पाण्याची दारं धरणारा माणूस, पाणी वाफ्यात कसं थांबवायचं हे हातात मुरलेलं. ते घालवायचं असतं, हे हाताला ठाऊकच नव्हतं.

"वायपर मारायचा," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

मारला वायपर. आंघोळ झाली की मारायचा, तरी राहायचंच. आदल्याच्या साबणाचं पाणी पुढच्याच्या घोट्याला. त्यात केस तरंगायचे, नवनाथांच्या अंगावरची शेतातली माती खाली बसायची, आणि एका सकाळी कोपऱ्यातल्या डबक्यात पाल फुगून पडलेली. डबक्यावर मऊसा तवंग धरला होता. मी बोट फिरवलं. बुळबुळ. तीच ओळखीची बुळबुळ. याच्यावरूनच त्या घसरल्या होत्या.

"फरशी काढावी लागेल," मी म्हटलं.

"येडी झालीस? सप्ताह बसला गावात! वायपर हाय ना?"

"आत्याबाईंचे दोन्ही हात वॉकरवर असणार. वायपर काय दातात धरतील?"

ते मळ्यात निघून गेले. मी छिन्नी-हातोडी घेतली. पहिली फरशी फुटली ती माझ्या अंगठ्यासकट. दुसरी निघाली तेव्हा खालचं कोंडलेलं पाणी तोंडावर उडालं. थुंकले, पदराने जीभ पुसली, आणि रडत रडत तिसरीला हात घातला. गावातून भोंग्यावर बुवांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. नुसती चाल यायची, आणि त्या चालीवर माझी हातोडी पडत होती.

दारात सावली आली. नवनाथ. पाय चिखलाने भरलेले.

"सरक," म्हणाले. खाली बसले, उखडलेल्या जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अवकाळी झाल्यावर काय करतो आपण?"

"काय?"

"वाफ्यात पाणी साचलं की कोपऱ्याला दार फोडतो. कडेच्या चारीत काढून देतो. नायतर कांदा सडतो." त्यांनी जाळीकडे बोट केलं. "ती चारी. समज, रात्रभर अवकाळी कोसळलाय."

बस्स, एवढं म्हटल्यावर त्यांचे हात सुटले. दारापासून जाळीकडे पाणी कसं पळेल ते त्यांनी आधी मातीत बोटाने ओढून दाखवलं, मग सिमेंटात. मोबाईल बाहेर खाटेवर पडला होता, त्याची आठवणही झाली नाही.

सप्ताह चालू असतानाच चैताली गाडी करून आत्याबाईंना घेऊन आली. वॉकर टेकत त्या घरात शिरल्या, देवाला हात जोडले, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि न्हाणीच्या दारात जाऊन थबकल्या. कमोडकडे बघितलं. मग भिंतीकडे. ओठ असे वाकडे झाले जणू कुणी विटलेलं दूध पाजलं.

"ह्याच्यावर? हिथं? चुलीच्या मागं, देवाच्या पाठीला? शी!"

"आई, माझ्याकडे पण कमोडच आहे ना?" चैताली म्हणाली.

"ते लेकीचं घर. तिथं गपगुमान बसले. हे माझं घर हाय. मी गोठ्यामागं जाते नेहमीसारखी."

"पायऱ्या चढून?" चैतालीने गाडीची किल्ली हातात घेतली. "मग चला परत नाशिकला."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. "चल. पण हे नको."

माझ्या डोळ्यांपुढून ती केसांची शेपटी गेली, टाकीचं झाकण गेलं, फुगलेली पाल गेली. इतकी घाण ह्या हातांनी काढली आणि शी कुणाची, तर आत्याबाईंची! तोंडावर आलेलं मी गिळलं. बादली भरली आणि त्यांच्या देखत, त्या पडल्या होत्या बरोबर तिथे, ओतली.

पाणी क्षणभरही थांबलं नाही. एका धारेने जाळीकडे धावलं, गटगट आवाज करत खाली गेलं. मागे खरबरीत फरशी नुसती ओलसर.

आत्याबाई बघत राहिल्या. वॉकर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खुबा चाचपला. "आणखी ओत."

मी ओतली. त्यांनी वाकून कान दिला, गटगट संपेपर्यंत.

"नवनाथ."

"हां आई."

"देव्हारा पुढच्या खोलीत ने. पूर्वेच्या भितीला." मग वॉकर उचलून उंबऱ्याच्या आत टेकवला. "मी हिथं मागं जाते. देवाला पुढं जाऊ दे. अन् दार लाव गं, बघता काय सगळे?"

संध्याकाळी मंडपात त्यांना खुर्ची मिळाली, मी तिच्या पायाशी सतरंजीवर. लंकाबाई पलीकडेच होत्या, आमच्याकडे बघून नाक मुरडत. बुवांचा आवाज छान लागला होता. चाल वर गेली, मृदंग थांबला, आणि बुवा म्हणाले, माय-माउल्यांनो, हा देह म्हणजे मळमूत्राचं गाठोडं.

सगळा मंडप डोलला. मला डोलता येईना. मी पदर नाकाला लावला. तेवढ्यात वरून आत्याबाई कानाशी वाकल्या.

"बुवांना म्हणावं, गाठोडं कुठं तुंबतं ते आमच्या उज्वलाला विचारा."

मी इतकी हसले की पुढच्या बाया मागे वळल्या.

आरतीला उठताना त्यांनी आधाराला माझा हात धरला. साबण, लिंबू, राख, सगळं घासून झालं होतं त्या हाताला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"अजून वास येतोय गं."

"येतोय."

"शी," म्हणाल्या, आणि तोच हात धरून आरती संपेपर्यंत उभ्या राहिल्या.