सहा लाल अक्षरं

फळीवरचा ‘आर’ काही निघत नव्हता. बोल्ट गंजला होता. देवराव शिडीवर, तोंडात दोन नट. खाली कृष्णराव साहेब.

“अरे, ठोक ना जरा!”

“ठोकलं त वाकन, साहेब. मंग तुमच्या बागेत वाकडं दिसन.”

कृष्णराव नागपूरचे बी.ए., ठेकेदार कंपनीचे साइट इन्चार्ज. इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सुटल्याशिवाय रविवारी जेवत नसत. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, क्वार्टरांचे सेक्टर उभे राहत होते, आणि परवा दिल्लीहून बडे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासाठी गेस्ट हाऊससमोर पंधरवड्यात एक बाग उगवली होती. बागेला कमान होती, कमानीला नाव नव्हतं, नव्या अक्षरांना पत्रा नव्हता. त्या सकाळी चहा पिता पिता साहेबांना साक्षात्कार झाला. चुन्याच्या खड्ड्यापाशी इंग्रजीत ‘डेंजर’ लिहिलंय, त्यातली सहा अक्षरं म्हणजेच ‘गार्डन’. एक कमी नाही, एक जास्त नाही. फक्त जागा बदलायच्या. हा शोध त्यांनी चार जणांना सांगितला आणि चौघेही थक्क झाले, कारण चौघेही हाताखालचे होते.

“अन् इथं काय लावू?” देवरावानं विचारलं.

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“बाया इथूनच जातात, साहेब. चुना वरतून जमिनीवानी दिसते. खाली उकळून राहिला.”

“त्या बायकांना इंग्रजी येतं का?”

“येत नाई. पन हे सहा लाल वळखतात. मीच सांगतलं व्हतं, हे दिसले का वळा.”

“मग आता पुन्हा सांग.”

“लाल चिंधी तरी बांधू द्या.”

“पाहुण्यांच्या गाड्या इथूनच जाणार. चिंध्या नकोत.”

देवराव फिटर. नागपूरला दीक्षा घेऊन आला तो रात्रशाळेत बसला, इंग्रजी अक्षरं गिरवली, आणि पुढे हीच सहा त्यानं भंगार पत्र्यातून स्वतः कापली, रंगवली. संध्याकाळी तो झोपडी-झोपडी फिरला. टोपली वाहणाऱ्या भेटेल त्या प्रत्येक बाईला त्यानं सांगितलं, खड्डा तसाच हाय, अक्षरं नेली, वळूनच जा. एका गिरजाबाईची झोपडी तेवढी बंद होती. शेवटी घरी येऊन बायकोला विचारलं.

“वच्छले, गिरजाबाई कुठी हाय?”

“कुरुदले. लेक बाळंत झाली ना तिची. परवा येईन.”

“तिले कोन सांगन?”

“कामावर भेटनच ना ते. मी सांगन. जेवा आता.”

पण पाहुण्यांच्या दिवशी वच्छला आपल्या कामावर नव्हतीच. साहेबांनी सकाळीच सगळ्या बायका बागेला पाणी घालायला बोलावल्या होत्या. बायका भरलेल्या घागरी घेऊन कमानीपर्यंत आल्या आणि थबकल्या.

“आत चला! काय झालं?”

“साहेब, सहा लाल हायत ना वर,” वच्छला म्हणाली.

साहेब खूप हसले. बायका आत गेल्या नाहीत. घागरी कुंपणावरून माळ्याच्या हाती दिल्या. पाहुण्यांनी ते पाहिलं. साहेबांनी त्यांना इंग्रजीत समजावलं, की आमचा मजूर हिरवळीवर पाय ठेवत नाही. पाहुणे शिस्तीवर खूश झाले.

त्याच वेळी गिरजाबाई कुरुदहून नेहमीच्या वाटेनं येत होती. पदराला सगळ्यांसाठी बाळंतिणीचे सुंठीचे लाडू बांधलेले. खड्ड्यापाशी तिनं रोजच्यासारखी मान वर केली. फळी कोरी होती. म्हणजे खड्डा बुजवला. ती सरळ गेली.

तिला बाहेर काढेपर्यंत पाहुणे सरबत पिऊन निघून गेले होते. एवढं एक वेळेवर झालं.

चौकशी कृष्णरावांनीच केली. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि निर्णय तोंडी, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “बाई निरक्षर होती. फलक असता तरी तिला वाचता आला नसता. त्यामुळे फलक नसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.”

“तिनं वाचलं ना, साहेब,” देवराव म्हणाला.

“काय वाचलं?”

“कोरी फळी. बरोबर वाचली. तुमीच खोटी टांगली.”

“देवराव, तोंड सांभाळ. नोकरीवर आहेस.”

“असन.”

तो उठला, पाना घेतला आणि भर दुपारी, माळी बघत असताना, कमानीवर चढला. अक्षरांवर पाहुण्यांसाठी लावलेली झेंडूची माळ त्यानं खाली टाकली नाही, कुंपणावर ठेवली. सहाही तारेत ओवून खांद्यावर टाकली आणि निघाला. पत्रा वाजत होता. मागून कृष्णराव धावत होते आणि आधी मराठीत, मग हिंदीत, शेवटी इंग्रजीत त्याला कामावरून काढत होते. तिन्ही भाषा त्याला समजत होत्या.

खड्ड्यापाशी चौकशी ऐकून आलेला केवलराम वेल्डर यंत्र घेऊन उभाच होता.

“बोल्ट?” त्यानं विचारलं.

“बोल्ट नाई. लोखंडी पट्टीवर घे अन् वेल्ड मार. पुन्हा कोनाच्या बापाले निघू नये.”

दुसऱ्या दिवशी टोपल्यांची रांग त्या वाटेनं आली. सगळ्यांत पुढे वच्छला. वळताना तिनं एका हातानं टोपली सावरली आणि दुसरा हात पहिल्या अक्षराला लावला. उन्हानं ते तापलं होतं. तिनं हात लगेच काढला नाही. मागच्या प्रत्येकीनं तेच केलं.

पुढे बाग लागली. कमानीवर आता फक्त बोल्टांची भोकं होती.

तिथूनही त्या वळसा घालूनच गेल्या.