पोटावरचा हात

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि श्वास रोखून बसलेली खोली हलली. त्याच क्षणी लेकरू रडलं.

"घ्या चंद्रभागाबाई, नात!" उषाबाई नर्स हसल्या.

"आवाज तं पाहा हिचा, साऱ्या एकोडी गावाले उठवते!" आजीनं नातीला पदरात घेतलं आणि बाहेर लेकाला ओरडली, "तेजराम, पोरगी झाली बे! जा, गूळ आन."

अंगणात उषाबाईंची लेक छबू कंटाळून मातीत रेघोट्या ओढत होती. साकोलीची शेवटची बस चुकू नये म्हणून उषाबाईंनी भराभर उकळत्या पाण्यातून सुई काढली, इंजेक्शन भरलं. रक्त थांबावं म्हणून गर्भपिशवी आवळणारं ते औषध. बाळंतिणीच्या, मनकर्णाच्या मांडीवर बोळा फिरवला.

आणि हात थबकला. लेकरू आजीला देताना हातांना भारच लागला नव्हता. पोट तर केवढं होतं! "एकच आहे गं, पाणी जास्त आहे," असं मागच्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं. पण आज पाणी तरी कुठं फार गेलं? सुईआधी पोटावर हात ठेवायचा, ही शिकताना लागलेली सवय नेमकी आज बसच्या घाईत सुटली होती.

सुई बाजूला ठेवून त्यांनी तळहात टेकवला. आतून लाथ बसली.

"मनकर्णा, चुकलं माझं. अजून एक आहे."

"काय म्हन्ता बाई! मले वाटलं, सुटली मी."

"मलेबी तेच वाटलं. आता टोचलं असतं तं..." आतला जीव गुदमरला असता. "लाथ मारून सांगतलं त्यानं."

"बापावर गेला मंग," आजी म्हणाली. "तोबी तोंड उघडत नाही, लाताच झाडते."

पोरगा पायाळू निघाला. निळसर, गप्प. उषाबाईंनी तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. झाकण खडखडतच होतं. मग त्या खडखडाटाच्या वर चढणारं रडणं आलं आणि मनकर्णा रडता रडता हसू लागली.

उषाबाईंनी पुन्हा पोट चाचपलं. नीट, सावकाश.

"बास करा बाई," आजी घाबरली, "पाळना एकच हाय!"

मगच त्यांनी इंजेक्शन दिलं.

तेजराम गूळ घेऊन आला, तर आईनं त्याला तसाच दारातून पिटाळला, "एवढ्यानं काय होते? दोन हायेत, दोन!"

बस केव्हाच गेली होती. तेजरामनं त्यांना सोडायला आनंदानं बैलबंडी जुंपली. धानशेतीच्या बांध्यांमधून हिंदकळत जाताना छबूच्या गालात गूळ होता.

"आई, तू त्या पोराले विसरली होती?"

"हो गं. मंग पोटावर हात ठेवला, तवा समजलं."

छबूनं आईचा हात ओढून आपल्या गालाशी धरला.

"मंग मी झाली तवा कोनी हात ठेवला होता का? माह्यासंगचं कोनी आतच राहून तं नाही गेलं?"