ब्रेकचा दिवा

हिर्डोशी मागं पडली, गाडी नदीकाठच्या उताराला लागली आणि बाजीरावच्या समोर, स्टिअरिंगच्या पलीकडं, एक लाल दिवा पेटला.

"ह्ये काय पेटलं रं?" शेजारी बसलेल्या अक्काबाईंनी विचारलं.

"काही न्हाई, आये. असंच असतं."

असंच नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही बुटकी, दोनच माणसांची परदेशी गाडी त्यानं मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतली होती. किल्ली हातात देताना त्या साहेबानं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. ब्रेकच्या तेलाच्या दोन लायनी आहेत, एक पुढच्या चाकांची, एक मागच्या. एकीतला दाब गेला की हा दिवा लागतो. लागला, तर गाडी चालवू नको.

पण थांबणार कुठं? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली नीरा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या सकाळी पुण्यात होतं आणि आज दिवस मावळायच्या आत तिला दवाखान्यात दाखल करायचं होतं. त्यानं पाय अलगद पॅडलवर ठेवला. ब्रेक लागत होता. तरी प्रत्येक वळणाआधी तो गिअर खाली आणत होता.

"मला तुजं त्वांड धड दिसंना," अक्काबाई म्हणाल्या, "पन त्यो लाल ठिपका बराबर दिसतोय. आन् तू मगाधरनं बोलंना झालायस."

दिवा मधेच विझायचा, खड्ड्यात चाक आपटलं की पुन्हा लागायचा.

भोरला एसटी स्टँडच्या मागं चिमाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. चिमाजी जीपा आणि ट्रक दुरुस्त करायचा. असली गाडी त्यानं लांबून पाहिली होती, हात कधी लावला नव्हता. बॉनेट उघडून तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्यानं ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. तेल थोडं उतरलं होतं, ते त्यानं भरलं. दिव्याकडं जाणारी तार बोटानं चाचपत गेला आणि एके ठिकाणी थांबला. पत्र्याला घासून तारेवरचं रबर निघालं होतं, उघडी तार हलली की पत्र्याला टेकत होती. त्यानं तिथं काळी पट्टी गुंडाळली. दिवा विझला.

बाजीरावनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे नुसती तारच होती!"

"तार व्हती, व्हय," चिमाजी म्हणाला. "पन तेल का उतरलं? मागची चाकं खोलून बगू का? तासभर लागंल."

बाजीरावनं स्टँडवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दवाखाना, डॉक्टर, इतक्या महिन्यांनी मिळालेली तारीख. "परत येताना बघू," तो म्हणाला.

"सावकाश जावा मंग," चिमाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

भाटघर मागं टाकल्यावर रस्ता मोकळा लागला. दिवा बंद होता म्हणून बाजीरावचा पाय जरा मोकळा झाला. आणि उताराच्या वळणावर सगळा रस्ता भरून मेंढरं आली.

त्यानं ब्रेक दाबला. पॅडल खाली गेलं, आणखी खाली गेलं, जणू पायाखाली काही नव्हतंच. लाल दिवा भक्कन लागला. अगदी तळाशी पॅडलला थोडा जोर सापडला, पण गाडी थांबेना. त्यानं हँडब्रेक ओढला, दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं. मेंढक्या हात वर करून ओरडत होता. अक्काबाईंनी दोन्ही हातांनी दार धरलं होतं. बाजीरावनं गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. धप्प आवाज झाला, धूळ उडाली, गाडी थांबली. ढिगाच्या पलीकडं उतार सरळ ओढ्यात गेला होता.

"आये, लागलं का?"

"न्हाई. तुला?"

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरून तो मुरमावरच बसला. आईला काही झालं असतं तर, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

भोरकडं निघालेल्या एका ट्रकवाल्याजवळ त्यानं चिमाजीसाठी निरोप दिला. चिमाजी दुसऱ्या ट्रकनं आला, हत्यारांची पेटी आणि जीपचे रबरी वायसर घेऊन. त्यानं मागचं डावं चाक काढलं, ड्रम उतरवला. आत सगळं तेलानं थबथबलं होतं. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर फाटलं होतं.

"तार बी खराब, आन् ह्ये बी," तो म्हणाला. "पुढची लाईन शाबूत म्हनून वाचला तुमी. म्या हट्ट धराया पायजे व्हता."

"तुमी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

फाटक्या रबराच्या जागी जीपचा वायसर नेमका बसला. त्यानं ब्रेकचे लायनर पुसून काढले, नवं तेल भरलं आणि बाजीरावला पॅडलवर पाय ठेवून बसवलं. "दाबा… धरा… सोडा." चाकाशी लावलेल्या नळीतून अडकलेल्या हवेचे बुडबुडे निघत राहिले, मग निव्वळ तेल आलं. पॅडल टणक झालं. पण दिवा विझेना.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग बाजीरावला साहेबाचं बोलणं आठवलं: दोन लायनींच्या मधे एक छोटा दट्ट्या असतो, दाब गेला की तो कमजोर बाजूला सरकतो आणि दिवा लागतो.

"म्हंजी त्यो तितंच अडाकलाय," चिमाजी म्हणाला. "पुढनं जरा दाब सोडला तर माघारी यील." त्यानं पुढच्या चाकामागचा, तेल सोडायचा नट किंचित ढिला केला. "हळू दाबा. लई हळू." पायाखाली बारीक टक् झालं आणि दिवा गेला. चिमाजीनं लगेच नट आवळला.

रिकाम्या रस्त्यावर दोघांनी गाडी वरखाली फिरवली. ब्रेक प्रत्येक वेळी लागला. तरी आईला आत बसवायची वेळ आली तेव्हा बाजीरावनं दार उघडलंच नाही.

"आये, तू एसटीनं जा. मी मागनं येतो."

"आन् तू एकलाच ह्याच्यात? मला भ्या वाटतंय रं."

"मलाबी वाटतंय. पण तू आत नसलीस तर कमी वाटंल."

पुण्याची एसटी त्यानं हात करून थांबवली, कंडक्टरला सांगून आईला पुढच्या सीटवर बसवलं. कात्रजचा घाट उतरेपर्यंत तो एसटीच्या मागं लांब अंतर ठेवून चालला. मागच्या काचेतून आई दिसत नव्हती, तरी तो बघत राहिला. ब्रेक दर वेळी दाबायच्या आधी तो श्वास रोखायचा.

स्वारगेटला अक्काबाई पायऱ्या चाचपत उतरल्या. त्यानं त्यांचा हात धरला. दोघांचेही तळहात ओले होते. गाडी तिथंच एका कडेला लावून त्यानं रिक्षा बोलावली.

"सावकाश जाशील न्हवं?" अक्काबाईंनी रिक्षावाल्याला विचारलं, आणि मुलाच्या खांद्याला टेकून बसल्या.