घशातले गज

फोन उचलला की आधी एका बाईचा कोरडा आवाज यायचा, ‘संभाषण ऐकलं जात आहे.’ लष्करी कायदा लागून वॉर्सात रणगाडे आले त्या हिवाळ्यात हालश्काला याची सवय झाली होती. पण आज त्या आवाजामागून ऑपेराचे संचालक रोगाल्स्की इतकं हळू बोलले, की तिने रिसीव्हर कानाशी दाबून धरला.

“हालश्काबाई, ऑपेरात या. आत्ता. काही विचारू नका.”

विशीत ती राष्ट्रीय ऑपेरात अक्षरं रंगवायला लागली होती, आणि आता शहरभर कुंपणांवर तिचीच पोस्टरं असायची. लोक ती ओली असतानाच सोलून घरी न्यायचे. नव्या संगीतिकेत शापामुळे राणीची वाचा जाते. हालश्काने गाणारं, ताणून उघडलेलं तोंड काढलं होतं आणि आत घशात खिडकीचे गज. छापण्याआधी तपासणाऱ्या सरकारी माणसाने नुसती अक्षरं वाचून शिक्का मारला. पोस्टरं लागली आणि त्यांच्याखाली कोणीतरी मेणबत्त्या लावायला लागलं.

रोगाल्स्कींच्या खुर्चीत करड्या कोटातला एक माणूस चहा पीत होता. रोगाल्स्की खिडकीशी उभे होते.

“घशात गज कशाला, बाई?”

“राणीचा आवाज जातो म्हणून.”

“आणि मेणबत्त्याही राणीलाच का?” तो हसला. “तुमचे यजमान इथेच चेलो वाजवतात ना? छान हात आहे. हातांना जपावं माणसाने, थंडी फार आहे. उद्या दुसरं पोस्टर द्या.”

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. इग्नात्सीने सगळं ऐकलं आणि नकळत दोन्ही हात काखेत घातले.

“अगं, गुलाब काढ की! गुलाबाला कोण काय म्हणणार?”

तिने गुलाब काढले. पण प्रत्येक फूल जखमेसारखं उतरत होतं. शेवटी तिने पांढऱ्या कागदावर फक्त संगीतिकेचं नाव लिहिलं आणि देऊन टाकलं.

“हे कसं स्वच्छ!” करडा कोट म्हणाला.

पोस्टरं लागली. ट्राममधून तिने पाहिलं, त्या जवळजवळ कोऱ्या कागदासमोर लोक थांबत होते. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. कोऱ्या कागदाने निषेध करायचा असं तिने मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण ते कोणाला पटणार होतं?

त्यानंतर इग्नात्सी तालमीला गेला की ती खिडकीतून हलायची नाही. जिन्यात पावलं वाजली की दाराला कान लावायची. तो रोज परत आला, दोन्ही हात धड घेऊन. तिला न्यायलाही कोणी आलं नाही. फक्त ऑपेराचं काम थांबलं आणि रोगाल्स्की रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जायला लागले. मुरंब्याच्या कारखान्यासाठी बरण्यांवरची लेबलं रंगवत तिने वर्षं काढली.

मग ते साम्यवादी सरकार गेलं. ऑपेरात नवा, तरणा संचालक आला आणि त्याने तिला बोलावलं.

“छापण्याआधी चित्र कोण बघणार?” तिने पहिलं हेच विचारलं.

“कोणीच नाही, बाई. तुम्ही काढा, आम्ही छापतो.”

तो हसत होता. तिला मात्र हसू आलं नाही. घरी येऊन तिने कागद ताणून बसवला, रंग कालवले आणि दार दोनदा उघडून जिना पाहिला. जिना रिकामा होता. तरी ब्रश हातात धरायला तिला संध्याकाळ झाली.